कोरो, फातोर्डा आणि चौतिशीनंतरचे ४८ गोल

रेघेवरचा

एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा विषय निघाला की कोरोचं नाव येतंच, आणि बहुतेक वेळा गाडी "काय फिनिशर होता!" इथे येऊन थांबते. त्यापुढे जाऊन बोलावं म्हणून हा धागा.

आधी आकडे. फेरान कोरोमिनास ऊर्फ कोरो, जन्म ५ जानेवारी १९८३, कातालोनियात जिरोनाजवळ. गोव्यात आला २०१७ मध्ये, म्हणजे चौतिसाव्या वर्षी. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) २०१७-१८ ला २० सामन्यांत १८ गोल, २०१८-१९ ला २० सामन्यांत १६, २०१९-२० ला १७ सामन्यांत १४. एकूण ५७ सामने, ४८ गोल. पहिल्या दोन्ही मोसमांत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट, दुसऱ्यात मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉलही.

त्याआधीची कारकीर्द बघितली तर या आकड्यांची चाहूल कुठेच लागत नाही. एस्पान्योल या स्पॅनिश क्लबमध्ये तो वाढला, तिथे बराच काळ बगलेत (विंगवर) किंवा मुख्य स्ट्रायकरच्या मागे खेळला. १३ मे २००६ ला रेआल सोसिएदादविरुद्ध भरपाई वेळेत गोल करून त्याने क्लबला खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचवलं, त्याच वर्षी कोपा देल रे या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यातही गोल केला. पुढे एल्चे, मायोर्का, सायप्रसमध्ये एक मोसम. चांगला, कामसू खेळाडू. पण दर मोसमाला ढिगाने गोल करणारा म्हणून त्याचं नाव कधीच नव्हतं.

मग गोव्यात काय बदललं? माझं उत्तर असं: प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी त्याच्या अंगावरची कामं कमी केली. बगल सांभाळायची नाही, फुलबॅकच्या मदतीला धावत मागे यायचं नाही, मधल्या फळीत उतरून चेंडू जुळवायचा नाही. शेवटच्या बचावपटूच्या खांद्याजवळ राहायचं, योग्य क्षणी सुटायचं आणि चेंडू जाळ्यात घालायचा. वय झालेल्या पायांत वेग कमी होतो, क्षण ओळखायची नजर मात्र वाढलेली असते. संघाने त्या नजरेवर पैज लावली. बाकीच्यांना काय वाटतं?

डीच्या_काठावर

मुद्दा पटला. त्याची ती धाव जरा जवळून बघू, कारण मोसमभर जवळपास तीच धाव पुन्हापुन्हा दिसायची.

चेंडू मधल्या फळीतल्या जाहूह किंवा बेदियाकडे, मैदानाच्या मध्यात. कोरो दोन सेंटर-बॅकच्या मधे उभा नसतो. एकाच्या पाठीमागच्या बाजूला, हात-दीड हात अंतरावर. त्या बचावपटूला आता दोन गोष्टी एकाच वेळी बघता येत नाहीत: चेंडूकडे बघितलं तर कोरो डोळ्याआड, कोरोकडे वळलं तर चेंडू डोळ्याआड. पास देणारा पहिला स्पर्श घेतो तेव्हा कोरो उलट, चेंडूच्या दिशेने दोन पावलं टाकतो. बचावपटू ओढला जातो, निदान त्याचं वजन पुढच्या पायावर येतं. पास देणारा मान वर करतो आणि पाय मागे नेतो, त्या क्षणी कोरो वळतो. सरळ गोलकडे नाही, आधी बचावफळीला समांतर तीन-चार पावलं, मग आत. या वाकड्या वाटेमुळे वेग मिळतो आणि ऑफसाइडही होत नाही, कारण पास सुटेपर्यंत तो रेघेच्या अलीकडेच असतो.

पुढचं काम दोन स्पर्शांचं. पहिल्याने चेंडू शूट करायच्या बाजूला, दुसऱ्याने गोलकीपरच्या पायाजवळून खाली. जोर फारसा नसतो. गोलकीपर पाय रोवायच्या आत चेंडू गेलेला असतो, एवढंच.

सरळ_पास

इथे थोडा विरोध नोंदवतो. त्यावेळची आयएसएल म्हणजे दहा संघ, साखळीत १८ सामने, बचावफळ्या कच्च्या. स्पेनच्या वरच्या श्रेणीत खेळून आलेल्या माणसाने इथे गोल केले यात नवल ते काय? संघाने पैज लावली, नजर ओळखली वगैरे नंतर चढवलेले दागिने वाटतात.

रेघेवरचा

रास्त शंका आहे, तर पहिल्याच मोसमापासून तपासू. २०१७-१८ मध्ये केरला ब्लास्टर्सकडे दिमितार बर्बातोव्ह होता. मँचेस्टर युनायटेडकडून प्रीमियर लीगचा गोल्डन बूट घेतलेला खेळाडू. लीग तीच, बचावफळ्या त्याच. त्याचे ९ सामन्यांत १ गोल, कोरोचे १८. नुसत्या मोठ्या लीगमधून येण्याने गोल होत असते तर हा हिशेब उलटा दिसला असता.

बर्बातोव्हला केरलाने बऱ्याचदा मधल्या फळीत खेळवलं. म्हणजे चेंडू घे, सांभाळ, दुसऱ्याला दे, आणि मग पुन्हा ५० मीटर पुढे जा. छत्तिशीतल्या खेळाडूकडून नेमकं हेच होत नाही. लीग सोपी होती हे मान्य, पण त्या सोपेपणाचा फायदा उचलणारी मांडणी गोव्याकडेच होती.

आणि १८ सामन्यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे! स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत २२ संघ, म्हणजे ४२ सामने. असल्या लांब मोसमांतून सुटून चार-पाच महिन्यांत २० सामने खेळायचे, तर ३४ वर्षांचा स्ट्रायकर जवळपास प्रत्येक सामन्याला उभा करता येतो. कोरोने पहिल्या दोन मोसमांत २०-२० सामने खेळले, ते यामुळे शक्य झालं.

बगलबॅक

सगळं श्रेय कोरो आणि लोबेरा वाटून घेतायत असं दिसतंय! चेंडू पोचवणाऱ्यांचं काय? ४८ गोलांमागची खरी यंत्रणा तिथे होती.

त्यावेळी मैदानावर एका वेळी पाचच परदेशी खेळाडू चालायचे. गोव्याने पहिल्या वर्षी त्यांतले चार चेंडू खेळवण्यावर आणि गोलवर खर्च केले: जाहूह, बेदिया, लांझारोते, कोरो. उरलेल्या एका जागेत बचाव. म्हणून पहिल्या मोसमात गोल भरपूर झाले आणि अंगावर घेतलेही भरपूर. बेंगळुरूविरुद्धचा ४-३ आठवा: कोरोची हॅटट्रिक, तरी शेवटपर्यंत जीव टांगणीला, आणि तेही समोरच्या गोलकीपरला पहिल्या अर्ध्यातच लाल कार्ड मिळालेलं असताना. पुढच्याच आठवड्यात फातोर्ड्यावर, म्हणजे गोव्याच्या घरच्या मैदानावर, केरलाविरुद्ध ५-२. त्यात ४८व्या, ५१व्या आणि ५५व्या मिनिटाला कोरो.

आता रचना. जाहूह खाली उतरून दोन सेंटर-बॅकच्या मधे उभा राहायचा. सेंटर-बॅक फाकायचे. दोन्ही फुलबॅक, उजवीकडे सेरिटन आणि डावीकडे मंदार, थेट मध्यरेषेच्या पुढे. मंदार राव देसाई मूळचा विंगर, पहिल्याच सामन्यात चेन्नईयिनविरुद्ध पुढे खेळून गोलही केलेला. त्याला लोबेरांनी डावा बॅक केला हा माझ्या मते कोरोइतकाच महत्त्वाचा निर्णय. विंगरची सवय असलेला बॅक रेघेला चिकटून वर जातो. समोरचा विंगर त्याच्यामागे खेचला जातो, समोरचा फुलबॅक बाहेर येतो, आणि फुलबॅक व सेंटर-बॅकच्या मधे जी फट पडते तीच कोरोची वाट.

समोरचा संघ चेंडू हिसकावायला वर आला की त्याच्या बचावफळीमागे ३० मीटर मोकळे. खाली बसला तर मग बगलेतून विंगर जॅकिचंदचा कटबॅक (गोलरेषेजवळून मागे दिलेला पास) किंवा मधल्या फळीतल्या ब्रँडनचा पाय. कोरोला दोन्हीकडून अन्न मिळत होतं.

मैदानी_मास्तर

चर्चा उत्तम. एक व्यावहारिक प्रश्न: ही धाव मुलांना (१६-१७ वयोगट) शिकवायची तर कशी बसवावी? "बचावपटूच्या मागे पळ" म्हटलं की मुलं ऑफसाइड तरी होतात, नाहीतर पास यायच्या आधीच थांबतात.

डीच्या_काठावर

बसवता येते. अर्धं मैदान घ्या. लागतं एवढंच: आठ कोन, सहा चेंडू, एक गोलकीपर, चार खेळाडू.

डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) रेघेपासून साधारण १० मीटर पुढे, म्हणजे गोलपासून २६-२७ मीटरवर, चार कोन आडवे लावून बचावरेषा करा. तिथे एक खरा बचावपटू उभा करा. पास देणारा त्यापासून २० मीटर मागे, मधोमध. स्ट्रायकर बचावपटूच्या पाठीमागच्या खांद्यापाशी, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. उरलेले चार कोन पास देणाऱ्यापुढे लहान चौकोनात, दोन-दोन मीटरचा. त्याचा पहिला स्पर्श त्या चौकोनात पडला पाहिजे.

क्रम असा. बाजूने चेंडू पास देणाऱ्याकडे सरकवा. पहिला स्पर्श होतो तेव्हा स्ट्रायकर चेंडूकडे दोन पावलं. पास देणारा मान वर करतो तेव्हा स्ट्रायकर रेषेला समांतर वळतो. पाय मागे गेला की आत. पास जमिनीवरून, बचावपटू आणि बाजूच्या कोनाच्या मधून. दोन स्पर्शांत शॉट.

पहिला आठवडा बचावपटूने फक्त चालायचं. दुसऱ्यात खरा वेग. सहा धावांचा एक संच, दोन धावांत किमान ४० सेकंद, दोन संचांत तीन मिनिटं. तीन संचांवर थांबा. थकलेल्या पायांनी ही धाव गिरवली की मुलं उशिरा सुटायची सवय लावून घेतात आणि ती मोडायला महिना जातो.

चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात जास्त दिसणारी: चेंडू पास देणाऱ्याच्या पहिल्या स्पर्शावर असतानाच सुटणं. उपाय म्हणजे स्ट्रायकरला चेंडूकडे बघूच देऊ नका, पास देणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायला सांगा. डोळे खाली असतील तोवर पास येणार नाही. दुसरी चूक सरळ रेषेत धावणं. सरळ धावणाऱ्याची पाठ चेंडूकडे होते, चेंडू खांद्यावरून शोधावा लागतो आणि पहिला स्पर्श जड पडतो. वाकड्या धावेत छाती अर्धवट चेंडूकडे राहते. तिसरी चूक पास देणाऱ्याची, आणि प्रशिक्षक ओरडतो मात्र स्ट्रायकरवर! पास स्ट्रायकरच्या पायात दिला तर सगळी धाव फुकट. चेंडू त्याच्या तीन-चार मीटर पुढे, मोकळ्या जागेत पडला पाहिजे.

सरळ_पास

बर्बातोव्हचा मुद्दा बिनतोड आहे, लीगबद्दलचं माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. पण मग मोठ्या सामन्यांचं काय? १७ मार्च २०१९, मुंबईच्या अंधेरीतला अंतिम सामना. बेंगळुरू १, गोवा ०. जादा वेळेत कॉर्नरवरून राहुल भेकेचा हेडर, आणि कोरो गोलविना. २०१८ च्या उपांत्य फेरीत चेन्नईत ०-३. ही "एकच काम" मांडणी मोठ्या सामन्यांतच का अडली?

बगलबॅक

कारण तीच मांडणी उलटी वाचता येते. कोरोला अडवायचा खरा मार्ग कोरोवर माणूस लावण्याचा नव्हता. जाहूहवर लावण्याचा होता. जाहूह-बेदिया यांना मान वर करायला वेळ मिळाला नाही, तर कोरोची धाव सुरूच होत नाही, आणि तो मागे येऊन चेंडू मागत नसल्यामुळे अख्खा सामना बाहेरच राहतो. बचावफळी डीच्या जवळ खाली उभी केली की मागची जागाही संपते. अंधेरीच्या सामन्यात तर जादा वेळेत जाहूहलाच लाल कार्ड मिळालं, आणि भेकेचा गोल त्यानंतरचा.

एकच काम दिलेल्या स्ट्रायकरची ही किंमत असते. रसद तुटली की त्याच्याकडे दुसरा धंदा नसतो. तरीही ती किंमत परवडणारी होती असं माझं ठाम मत. त्याच अंधेरीच्या मैदानावर आठवडाभर आधी उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात गोव्याने मुंबई सिटीला ५-१ हरवलं होतं. कोरोचा त्यात एकच गोल, सेंटर-बॅक फॉलचे दोन, जॅकिचंद आणि ब्रँडनचा एकेक. बचावपटूंचे डोळे कोरोवर खिळलेले असले की बाकीचे मोकळे होतात, याचं ते चोख उदाहरण. आणि महिन्याभरात भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात चेन्नईयिनला २-१ हरवलं, कोरो आणि ब्रँडनच्या गोलांवर. गोव्याला चषक मिळालाच नाही असं कुणी म्हणू नये.

रेघेवरचा

यात २०१९-२० ची भर घालायलाच हवी, कारण तो मोसम मला सगळ्यात आवडतो. कोरो ३७ वर्षांचा झाला त्यात, गोल १४. बूट हुकला, इतर संघांचे वाल्स्किस, रॉय कृष्णा आणि ओगबेचे १५ वर पोचले होते. पण कोरोच्या मागे ह्युगो बूमूस १० नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या लगेच मागे, उभा राहिला आणि त्याने ११ गोल, १० असिस्ट केले. आधीच्या वर्षांत बचावफळी कोरोसाठी खाली सरकायची, आता त्या सरकण्याने उघडी पडलेली जागा बूमूस वापरायला लागला. १८ सामन्यांत ३९ गुण आणि ४६ गोल. जमशेदपूरला ५-० हरवून साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड, आणि त्यातून आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब. फातोर्ड्याला ते कोरोच्या पायांनी मिळालं नसेल एकट्याच्या, पण त्याच्या उभं राहण्याच्या जागेने नक्की मिळालं.

लोबेरांना जानेवारीअखेर, संघ तक्त्यात वर असताना काढलं, तो निर्णय मला आजही पटत नाही. उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून एकूण ५-६ ने हरलो. पण तो वेगळा धागा होईल.

पस्तिशीपार

कोरोवरून एक व्यवहाराचं विचारतो. पस्तिशीच्या वरच्या खेळाडूंच्या स्थानिक स्पर्धांत असे स्ट्रायकर दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात मांडीचा मागचा स्नायू धरून बसतात. ही धाव वारंवार मारायची तर तयारी काय?

डीच्या_काठावर

कोरो स्वतः काय व्यायाम करायचा ते इथे सांगणार नाही. सर्वसाधारण नियम सांगतो.

हॅमस्ट्रिंग फाटते ती बहुधा पूर्ण वेगात, पाय पुढे झेपावताना, म्हणजे स्नायू ताणलेला असून जोर लावत असताना. म्हणून व्यायामही तसाच हवा. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, कंबर न वाकवता अंग हळूहळू पुढे सोडायचं, पडायच्या बेताला हातांनी टेकायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, दोन संच, पाच-पाच वेळा. दुसऱ्यात दोनदा, सहा-सहा वेळा. मग वाढवत नेत दहा आठवड्यांत तीन संच, ८ ते १२ वेळा. पहिल्याच दिवशी तीस मारले तर तीन दिवस जिना उतरता येत नाही आणि माणूस कायमचा सोडून देतो. सगळे तिथेच चुकतात. सामन्याच्या आदल्या दिवशी करायचा नाही.

दुसरं, पूर्ण वेगाची धाव आठवड्यातून एकदा तरी सरावात व्हायलाच हवी, २० ते ३० मीटरच्या सहा-आठ धावा, मधे पूर्ण विश्रांती. आठवडाभर जॉगिंग आणि थेट सामन्यात झेप, हे दुखापतीला आमंत्रण. स्पर्धेत लागोपाठ दोन दिवस सामने असतील तर ३५ पार स्ट्रायकरला दुसऱ्या दिवशी अर्धाच सामना द्या. तो नको म्हणेल. तरी द्या.

फातोर्डा_पूर्व

उशिरा आलो. कोरो गेल्यानंतर काय झालं त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

गोव्याने २०२० मध्ये कोरोच्या जागी कोण आणला? इगोर अंगुलो, पोलंडच्या गोर्निक झाब्रझेमधून, वय ३६! प्रशिक्षकही नवे, हुआन फेर्रान्दो. जाहूह, फॉल, बूमूस, मंदार हे सगळे मुंबई सिटीकडे गेलेले. २२ नोव्हेंबर २०२० ला फातोर्ड्यावर पहिला सामना, बेंगळुरूविरुद्ध ०-२ पिछाडी, आणि ६६व्या आणि ६९व्या मिनिटाला अंगुलोचे दोन गोल. मोसमात १४, गोल्डन बूट. रॉय कृष्णाचेही १४ होते, पण अंगुलोने ते कमी मिनिटांत केले म्हणून बूट त्याला. म्हणजे माणूस बदलला, प्रशिक्षक बदलला, अर्धा संघ बदलला, तरी "तिशीच्या उत्तरार्धातला स्ट्रायकर, एकच काम, मागून चांगली रसद" ही कृती चाललीच. रेघेवरचा म्हणतायत त्याला याहून मोठा पुरावा मला तरी दिसत नाही.

आणि लोबेरांनी तीच मांडणी मुंबईत नेली. २०२०-२१ ला शील्ड आणि चषक दोन्ही. तो अंतिम सामनाही फातोर्ड्यावरच झाला.

सरळ_पास

ओगबेचेलाही याच रांगेत बसवाल? हैदराबादकडून २०२१-२२ मध्ये ३७व्या वर्षी १८ गोल, कोरोचा ४८ चा विक्रमही त्यानेच त्या मोसमात मोडला.

फातोर्डा_पूर्व

रांगेत हो, पण जात वेगळी. ओगबेचे अंगाने भरदार, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू धरायचा, क्रॉसवर डोकं लावायचं. त्याला फुलबॅकमागच्या फटीची गरज नव्हती, डीमध्ये चेंडू पडला की पुरे. कोरोला जागा लागायची, ओगबेचेला माणूस लागायचा, ज्याच्यावर रेलता येईल. म्हणून मैदानी_मास्तरांना एक सूचना: वरचा सराव बसवताना संघातला भरदार मुलगा त्या धावेत घालू नका. त्याच्यासाठी गोलकडे पाठ करून उभं राहायचा वेगळा सराव हवा: पास देणारा १२ मीटरवर, बचावपटू पाठीला चिकटून, स्ट्रायकरने हात आडवा धरून त्याचं वजन आधी जोखायचं आणि मग चेंडूच्या उलट खांद्यावरून वळायचं.

मैदानी_मास्तर

मिळालं. एक शेवटचं: बाजूचा कोन बचावपटूपासून किती अंतरावर ठेवायचा? फट फार मोठी झाली तर मुलांना खोटा आत्मविश्वास येतो.

डीच्या_काठावर

सुरुवातीला पाच मीटर. दहापैकी सात पास नीट जायला लागले की चार, मग तीन. तीनच्या खाली नेऊ नका, तिथे पास वरून टाकावा लागतो आणि त्याची धाव वेगळी असते.